क्रंब, रॉबर्ट
क्रंब, रॉबर्ट : (३० ऑगस्ट १९४३ – ). अमेरिकेतील ‘अंडरग्राउंड कॉमिक्स’ (मोठ्या प्रकाशकांना टाळून काढलेल्या बंडखोर चित्रकथा) चळवळीचे अग्रणी व्यंगचित्रकार आणि रेकॉर्डच्या कव्हरांचे चित्रकार. ‘आर. क्रंब’ एवढीच त्यांची सही असते. जन्म फिलाडेल्फियाचा. थोरला भाऊ चार्ल्स याच्या धाकात आणि नादाने लहानपणीच घरच्या घरी कॉमिक काढू लागले. चित्रकलेचे शिक्षण असे नाहीच. १९६२ मध्ये क्लीव्हलँडला ‘अमेरिकन ग्रीटिंग्ज’ कंपनीत शुभेच्छापत्रे रंगवण्याची नोकरी धरली. १९६७ च्या सुरुवातीला ते सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या ‘झॅप कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला. हा अंक क्रंब आणि त्यांच्या पहिल्या पत्नीने हेट-ॲशबरी या तिथल्या हिप्पी वस्तीत बाबागाडीत घालून रस्त्यावर विकला. फ्रिट्झ द कॅट आणि मिस्टर नॅचरल ही त्यांची गाजलेली पात्रे. १९७२ मध्ये फ्रिट्झवर चित्रपट आला. तो न रुचल्याने क्रंब यांनी त्या बोक्याला एका चित्रकथेत मारूनच टाकले.

रेकॉर्डच्या कव्हरांपुरते बोलायचे तर त्यांचे नाव घेतले की ‘चीप थ्रिल्स’ (१९६८) आठवते. जॅनिस जॉप्लिन गात असलेल्या ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ या रॉक वाद्यवृंदाचा हा एलपी (जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी). क्रंब यांचे चित्र मुळात मागच्या बाजूसाठी होते. ते पुढे आले आणि मागे जॉप्लिनचे छायाचित्र गेले. बारा इंची चौकोन कॉमिकच्या पानासारखा चौकटींत फोडलेला, प्रत्येक गाण्याला एक चौकट, वादकांनाही एकेक. ‘टर्टल ब्लूज’साठी कासव आहे. एका कोपऱ्यात हेल्स एंजल्स या मोटरसायकल टोळीच्या पसंतीचा शिक्काही आहे. मात्र ‘समरटाइम’च्या चौकटीतील कृष्णवर्णीय स्त्रीचे अर्कचित्र आज डोळ्यांना खुपते, आणि ते खुपावे असेच आहे. वंश आणि स्त्रिया यांच्या चित्रणावरून क्रंब यांच्यावर जी टीका होत आली, तिला उपरोधाचा बचाव दरवेळी पुरत नाही.

गंमत अशी की ज्या संगीताने हे चित्र घरोघरी पोहोचवले, त्या रॉक संगीताचे क्रंब यांना मुळीच प्रेम नव्हते. पुढे रोलिंग स्टोन्सच्या कव्हरचे काम त्यांनी नाकारले. त्यांचा जीव होता तो १९२०–३० च्या दशकांतील ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत), जॅझ आणि नाचगाण्यांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवर. त्या ते झपाटल्यासारखे जमवत. त्यामुळे त्यांचे खरे कव्हरकाम शोधायचे तर ‘याझू’ आणि ‘ब्लू गूज’ या न्यूयॉर्कच्या निक पर्ल्स यांच्या छोट्या लेबलांकडे वळावे लागते. जुने ध्वनिमुद्रण एलपीवर पुन्हा काढणाऱ्या याझूसाठी चित्र काढून क्रंब मोबदल्यात जुन्या तबकड्याच घेत.

याचे उत्तम उदाहरण ब्लाइंड बॉय फुलर या ब्लूज गायकाचे. ‘झॅप’च्या पहिल्या अंकातले, भलेमोठे बूट पुढे टाकत मागे रेलून चालणाऱ्या माणसांचे ‘कीप ऑन ट्रकिन’ हे पान फुलरच्या १९३० च्या दशकातील गाण्याच्या ओळीवरून सुचले होते. ते टी-शर्टांवर, गाड्यांच्या चिखलरोधक पट्ट्यांवर इतके छापले गेले की क्रंब त्याला वैतागले. सत्तरच्या दशकात याझूने फुलरच्या गाण्यांचा एलपी काढला तेव्हा कव्हर क्रंब यांचेच होते. अशा कव्हरांत विनोद मागे सरतो. बारीक आडव्यातिडव्या रेघांच्या जाळीतून कोटाची चुणी, गिटारचे लाकूड, वादकाची बोटे उमटतात, आणि अक्षरेही हाताने घडवलेली असतात. याच प्रेमातून १९८० मध्ये ३६ ब्लूज कलावंतांच्या चित्रपत्त्यांचा संच निघाला.

क्रंब स्वतः बँजो आणि मँडोलिन वाजवतात. १९७० च्या दशकात ‘चीप सूट सेरेनेडर्स’ या त्यांच्या वाद्यवृंदाने जुन्या धाटणीच्या रेकॉर्डी काढल्या, कव्हरे अर्थातच घरची. त्यातले एक साथीदार टेरी झ्विगॉफ यांनी ‘क्रंब’ (१९९४) हा माहितीपट केला.

१९९१ मध्ये चित्रकार पत्नी ॲलीन कोमिन्स्की (मृत्यू २०२२) आणि मुलीसह ते दक्षिण फ्रान्समधील सोव्ह या गावी राहायला गेले. तिथले घर सहा रेखाटनवह्यांच्या बदल्यात मिळवले. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाची चित्रकथा २००९ मध्ये, तर कव्हरचित्रांचा संग्रह २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रान्समध्ये ‘ले प्रिमितीफ द्यु फ्युतुर’ या वाद्यवृंदात त्यांनी मँडोलिन वाजवले आणि त्या वृंदाच्या अल्बमांची कव्हरेही काढली.