जाहिराती पाहण्याचे पैसे : एक जुना गैरसमज

‘नुसत्या वेबसाइट पाहा आणि घरबसल्या हजारो रुपये मिळवा’ हा निरोप कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अभ्यासिकांपासून रंकाळ्याच्या कट्ट्यापर्यंत अजूनही फिरतो. ही कल्पना मुळात थापच होती, असे मात्र नाही. अमेरिकेतील ऑलअ‍ॅडव्हांटेज ही कंपनी १९९९ पासून पडद्यावर जाहिरातींची पट्टी ठेवणाऱ्यांना तासाला सुमारे अर्धा डॉलर देत असे. परंतु महिन्याच्या तासांना मर्यादा होती आणि जाहिरातींचे उत्पन्न सभासदांच्या देण्यापुढे तोकडे पडल्याने २००१ मध्ये तिने गाशा गुंडाळला. कारण उघड आहे: जाहिरातदाराला गिऱ्हाईक हवे असते, आणि केवळ पैशासाठी पाहणारा सहसा काही विकत घेत नाही.

आजच्या योजनांत समजा शिल्लक ४८० रुपयांवर येते, तर पैसे काढण्याची किमान मर्यादा ५०० असते आणि नेमके तेव्हाच काम आटते. काही ठिकाणी सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर जमा होतात (गळ टाकण्याचा हाच खर्च), मग ‘खाते सुरू करण्यासाठी’ शुल्क मागितले जाते. पैसे देतो म्हणून कोणी पिन टाकायला सांगितला, तर सावध व्हावे: यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. रक्कम गेलीच असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण ती पुढच्या खात्यांत वळती होण्यापूर्वीच गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.