गौण वनोपज (नागपूर जिल्हा)

इमारती लाकूड वगळता जंगलातून मिळणारे उत्पन्न म्हणजे गौण वनोपज : तेंदूपत्ता, मोहफुले, चारोळी, डिंक, हिरडा, बेहडा, आवळा. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू, मध, मेण, लाख आणि टसर रेशमाचे कोशही यात स्पष्टपणे घेतले. ‘गौण’ हे विशेषण सरकारी हिशेबातले. रामटेक-पारशिवनीकडच्या गोंड कुटुंबांच्या हाती उन्हाळ्यात रोख पैसा येतो तो बराचसा यातूनच.

मोह मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतो. गळते ती फक्त पाकळ्यांची मांसल नळी; अंडाशय फांदीवरच राहतो आणि पुढे त्याचेच फळ होते. त्यामुळे कितीही फुले वेचली तरी झाडाचे नुकसान नाही. नुकसान होते ते वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवल्याने. ती आग रानात शिरते, शिवाय मोहाची रोपटी दरवर्षी जळतात. म्हातारे मोह उभे आणि खाली एकही पोर नाही, अशी स्थिती होते. पाचोळा झाडून काढणे किंवा जुनी लुगडी, जाळी अंथरणे हा उपाय साधाच आहे, मेहनत तेवढी जास्त. पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत वाघाची भीती असते. अंधारात एकट्याने वाकून वेचण्यापेक्षा उजाडल्यावर चौघांनी मिळून जाणे बरे. 2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलांचे संकलन, साठवणूक आणि वाहतूक यांवरचे निर्बंध शिथिल केले. त्याआधी साठा ठेवणेच जोखमीचे, म्हणून हंगामात पडत्या भावाने विकायचे आणि पावसाळ्यात चढ्या भावाने परत घ्यायचे, असा उलटा व्यवहार चाले.

तेंदूची पाने झुडपांवरून खुडतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी झुडपे छाटली की साधारण दीड महिन्यात विडीजोगी कोवळी पाने येतात. 70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे मोजमापाची ठरलेली गोणी.

खरी अडचण चारोळीची. चारोळी ज्याच्या बीची, त्या चार नावाच्या झाडाचे फळ पिकेपर्यंत थांबावे, तर शेजारचा आधीच तोडून नेतो. मग कच्चेच तोडतात, घाईत फांद्याही छाटतात. बी हलके भरते, भाव पडतो आणि रुजायला पिकले बी उरत नाही. दोष लोभाचा कमी, झाड कुणाचेच नसण्याचा जास्त.

महाराष्ट्र वनविभागाचे मुख्यालय नागपुरात असले तरी जिल्हा अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे संविधानानुसार जाहीर झालेल्या आदिवासी भागात, नाही. त्यामुळे गडचिरोलीतील अनुसूचित गावांना पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) मिळणारी वनोपजाची मालकी इथल्या ग्रामसभांना मिळत नाही. त्यांना वाट वनहक्क कायद्यातील सामूहिक दाव्याची, म्हणजे गावाने मिळून जंगलावरच्या हक्कासाठी करायच्या दाव्याची. दावा मान्य झाला की वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क मिळतो आणि आपल्या हद्दीतील जंगलाचे नियम ग्रामसभा स्वतः करू शकते. चाराचे फळ कोणत्या दिवसापासून तोडायचे, हेही त्यातच आले.