कॅफेतल्या प्रोफाइलपासून अहिराणी रीलपर्यंत

जळगाव, धुळे, नंदुरबारची कॉलेजातली पोरं आज रीलवर बिनधास्त अहिराणी बोलतात. वीस वर्षांपूर्वी याच वयाची पोरं इंटरनेटवर अहिराणीत एक ओळ लिहायलाही कचरत. मधल्या काळात पोरांची भीड चेपली, असं सांगितलं जातं. आमच्या मते भीड चेपायच्या आधी साधनं बदलली, आणि खरी गोष्ट त्या साधनांची आहे.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागलं, पण खान्देशातल्या पोरांची त्याच्याशी खरी ओळख सायबर कॅफेत झाली. जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट ही फेसबुकसारखी साइट आली आणि तासाला दहा-वीस रुपये मोजून प्रोफाइल बनू लागले. नाव इंग्रजी अक्षरांत, गप्पाही इंग्रजी अक्षरांत. याला कारण होतं. कॅफेतल्या विंडोज एक्सपीवर देवनागरी आपोआप चालू नसे. कंट्रोल पॅनलमधल्या भाषेच्या खिडकीत जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची खूण करावी लागे. ती केली की संगणक विंडोजची मूळ सीडी मागे, आणि ती सीडी कॅफेत क्वचितच हाताशी असे. जुन्या मराठी फाँटचा तर वेगळाच ताप. तो फाँट समोरच्याच्या संगणकावर नसला, तर त्याला निव्वळ कचरा दिसे.

इंग्रजी अक्षरांत मराठी कशीबशी निभावते, अहिराणी मात्र अडखळते. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो: शाळा ती शाया, डोळा तो डोया, काळा तो काया. हे बोलताना गोड वाटतं. इंग्रजी अक्षरांत मात्र ‘काया’ आणि ‘काय’ यांत एका अक्षराचाच फरक उरतो आणि वाचणारा गोंधळतो. ऑर्कुटचं स्क्रॅपबुक, म्हणजे एकमेकांना निरोप लिहायचं पान, सुरुवातीला सगळ्यांना उघडं होतं. पुण्याच्या होस्टेलात ‘शाया’ म्हटल्यावर जो हशा पिकायचा, तो इथे चारचौघांत लेखी पिकला असता. म्हणून पोरं गप्प राहिली. ही शरम भाषेच्या अंगची नव्हती. शाळेने लावलेली प्रमाण मराठीची सवय आणि कॅफेतली साधनं, दोन्हींनी मिळून ती पक्की केली.

२०११ च्या सायबर कॅफे नियमांनी ओळखपत्र सक्तीचं केलं, नोंदवही किमान एक वर्ष जपायला सांगितली आणि संगणकांभोवतीच्या आडोशाची उंची साडेचार फुटांवर आणली. तोवर मोबाइलवर नेट येऊ लागलं होतं. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं आणि कित्येकांचं सोळाव्या-सतराव्या वर्षाचं लिखाण त्यासोबत गेलं.

खरी कलाटणी ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ आल्यावर मिळाली. आधी महिन्याला एक जीबी जपून वापरणाऱ्या घरात ३१ मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट मिळाला. व्हिडिओला कळफलक लागत नाही, शुद्धलेखन लागत नाही. अहिराणी गाणी आणि विनोद आधी बाजारातल्या सीडींवर चालतच होते, तेच आता पोरांच्या हातून टिकटॉकवर आले. २९ जून २०२० च्या बंदीने ती खाती गेली, पण बोलायची सवय राहिली. पुढच्याच महिन्यात भारतात इन्स्टाग्रामचे रील सुरू झाले आणि पोरं तिकडे वळली.

लिहिताना अडचण अजून आहे. मराठी कळफलकावर अहिराणी ‘शे’ (म्हणजे ‘आहे’) लिहिलं, की ‘शेत’, ‘शेवटी’ पुढे येतात आणि घाईत चुकीचा शब्द जातो. यावर उपाय म्हणजे फोनच्या सेटिंग्जमध्ये भाषा आणि इनपुटखाली वैयक्तिक शब्दकोश उघडून ‘शे’, ‘मन्हा’, ‘तुन्हा’, ‘ऊना’ हे शब्द एकेक करून घालायचे. वीस-पंचवीस शब्दांत रोजचं लिखाण सुटसुटीत होतं.

नेटवरच्या ओळखीला दुसरी गाठ मोबाइल नंबरची आहे. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. पण आधार असूनही अठराखालच्या पोराला स्वतःच्या नावावर सिम मिळत नाही, म्हणून त्याचं खातं बापाच्या नंबरावर चालतं. घर मजुरीला गुजरातेत गेलं, रिचार्ज राहिलं, नवं सिम आलं, की जुना नंबर बंद होतो. बंद नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो आणि मग ओटीपी त्या दुसऱ्याच्या फोनवर जातो. पोराचा पासवर्ड बरोबर असूनही खातं हातचं जातं. म्हणून जुनं सिम चालू असतानाच व्हॉट्सॲपमधला ‘नंबर बदला’ पर्याय वापरावा, इन्स्टाग्रामला ईमेल जोडावा आणि बॅकअप कोड वहीत उतरवून ठेवावेत.

सरकारी जनगणनेत या भाषेचं नाव ‘खान्देशी’ आहे आणि अहिराणी त्याखाली येते. २००१ मध्ये खान्देशी बोलणारे सुमारे २०.७५ लाख नोंदले गेले होते, २०११ मध्ये सुमारे १८.६ लाख. घरात अहिराणी बोलूनही रकान्यात ‘मराठी’ सांगणारी घरं आपल्या ओळखीची आहेत. २०२७ च्या जनगणनेत मोबाइलवरून स्वतः माहिती भरण्याची सोय जाहीर झाली आहे. पुष्कळ घरांत तो फोन रील करणाऱ्या पोराच्याच हातात असेल, आणि मातृभाषेचा रकानाही तेच भरेल.