आयल रॉयलचे लांडगे, मूस आणि न गोठणारे सरोवर

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सुपिरियर सरोवरात आयल रॉयल हे अमेरिकेचे बेट आहे. तिथे १९५८ पासून लांडगे आणि मूस (हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी) यांची मोजदाद चालू आहे. त्याआधीचे थोडक्यात सांगायचे तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूस बेटावर पोचले. ते पोहत आले की कुणी आणून सोडले, यावर अजून वाद आहे. पाला संपवून १९३०च्या दशकात ते उपासमारीने मेले, १९३६च्या वणव्यानंतर उगवलेल्या कोवळ्या झाडीवर पुन्हा वाढले, आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या किनाऱ्याकडून लांडगे बर्फावरून चालत आले.

शिकारी वाढला की भक्ष्य घटते आणि भक्ष्य घटले की शिकारी, हे पाठ्यपुस्तकातले गणित या बेटाने १९८० नंतर फारसे जुमानलेले नाही. १९८० मध्ये लांडगे ५० होते, १९८२ मध्ये १४ उरले. कारण भुकेचे नव्हते. बेटावर कुत्री आणायला बंदी असताना कुणीतरी एक आणले आणि त्याच्यासोबत कुत्र्या-लांडग्यांना मारणारा पार्व्हो विषाणू आला. वचक कमी झाल्यावर मूस वाढत गेले आणि १९९५ पर्यंत सुमारे २,४०० झाले. पुढच्या दोनच वर्षांत ते ५०० वर आले, आणि या पडझडीतही लांडग्यांचा वाटा दुय्यम होता. चारा आधीच विरळ झालेला, हिवाळा भयंकर, वसंत उशिरा आलेला, आणि त्यावर गोचिडी.

या गोचिडीचे चक्र नीट पाहिले पाहिजे, कारण हवामान मुसाला गाठते ते बरेचसे तिच्यामार्फत. शरद ऋतूत तिची पिल्ले झुडपांच्या शेंड्यांवर घोळक्याने बसून राहतात आणि जवळून जाणाऱ्या मुसाच्या अंगाला चिकटतात. बर्फ उशिरा पडला तर त्यांना ही संधी जास्त दिवस मिळते. वसंतात रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली गळते. खाली बर्फ असेल तर बहुधा मरते, उघडी जमीन असेल तर अंडी घालते. एका मुसाच्या अंगावर हजारोंनी गोचिडी असतात. खाज सुटून तो झाडांना अंग घासत राहतो, केस झडतात, आणि चरायचा वेळ खाजवण्यात जातो. शिवाय मूस मुळात थंडीचा प्राणी. हिवाळ्यात पारा उणे ५ अंशांच्या आणि उन्हाळ्यात १४ अंशांच्या वर गेला की त्याला ताण जाणवू लागतो. मग तो सावलीत बसून राहतो, कमी चरतो आणि पुढच्या हिवाळ्यात बारीक अंगाने शिरतो. अशा जनावराला लांडगे मारतात तेव्हा श्रेय कुणाच्या खात्यात टाकायचे, हे आकडे पाहून ठरत नाही.

लांडग्यांची अडचण वेगळी होती. १९९७ मध्ये एक नर बर्फावरून बेटावर आला आणि दहाएक वर्षांत निम्म्याहून जास्त वारसा त्याचाच झाला. आधी टोळ्या तरारल्या, नंतर सगळेच एकमेकांचे नातलग झाले. मणक्यात व्यंग असलेले लांडगे वाढले. नवे रक्त यायचे तर सरोवर गोठायला हवे. १९६०च्या दशकात ते बहुतेक हिवाळ्यांत गोठून किनाऱ्यापर्यंत पूल व्हायचा, २००० नंतर क्वचितच. त्यात तीन लांडगे जुन्या खाणीच्या पाण्यात बुडून मेले. २०१४ च्या हिवाळ्यात पूल झाला, पण आले कुणी नाही. उलट एक मादीच बेट सोडून गेली आणि मुख्य भूमीवर छऱ्याच्या बंदुकीने मेलेली सापडली. २०१६ पर्यंत लांडगे दोनच उरले होते. ते बाप आणि मुलगी होते, आणि सावत्र भावंडेही.

बाहेरून लांडगे आणायचे की नाही, हा वाद ही घसरण चालू असतानाच पेटला होता. १९७६ पासून बेटाचा जवळजवळ सगळा भाग कायद्याने रानच ठेवायचा आहे, माणसाने तिथे ढवळाढवळ करायची नाही. न आणण्याच्या बाजूचे म्हणणे पोकळ नव्हते. लांडगे स्वतःच कालचे पाहुणे, त्यांच्याआधी इथे कॅरिबू हरणे होती, बेटांवर जाती येतात आणि नाहीशा होतात, मग एकाच जोडीसाठी नियम का वाकवायचा? दुसरी बाजू सांगत होती की विषाणू माणसाच्या कुत्र्याचा, खाण माणसाची, आणि बर्फ न होण्यामागेही माणसाचाच धूर. मला या वादात एक गोष्ट खटकते. ‘हस्तक्षेप नको’ हा नियम लिहिला गेला तेव्हा येण्याजाण्याची वाट उघडी धरलेली होती. ती बंद झाल्यावर हात बांधून बसणे हाही निर्णयच होता, फक्त त्याच्याखाली सही करावी लागत नव्हती. २०१४ मध्ये बेट सांभाळणाऱ्या राष्ट्रीय उद्यान विभागाने ‘तूर्त थांबू’ असे ठरवले. चार वर्षे कागदपत्रे, हरकती आणि बैठका चालल्या. तोवर मुसांची संख्या दोन हजारांकडे गेली आणि मूस हिवाळ्यात खातात त्या बाल्सम फर या सूचिपर्णी झाडाची रोपे खुरटून राहिली.

अखेर जून २०१८ मध्ये २० ते ३० लांडगे आणायला मंजुरी मिळाली आणि २०१९ पर्यंत १९ आणले गेले. काही याच सरोवरातल्या कॅनडाच्या मिशिपिकोटन बेटावरून आले. तिथे २०१४ च्याच बर्फावरून पोचलेल्या लांडग्यांनी कॅरिबू जवळजवळ संपवले होते आणि ते स्वतः उपाशी होते. आणलेल्यांपैकी एक मादी जानेवारी २०१९ मध्ये बर्फ धरताच चालत परत गेली.

२०१९ मध्ये २,०६० असलेले मूस २०२३ मध्ये ९६७ झाले आणि लांडगे ३१. ही घट नव्या लांडग्यांच्या नावावर जमा झाली खरी, पण त्याच काळात अळीने फरची झाडे वाळवली, गोचिडी होत्याच, आणि उपासमारीने मेलेले मूसही सापडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हवा इतकी गरम राहिली की स्कीवर उतरणाऱ्या विमानांना बर्फ भरवशाचा राहिला नाही आणि हिवाळी मोजणी मध्येच थांबवावी लागली. त्या वर्षीचा अंदाज ८४० मूस आणि ३० लांडगे असा आहे. हे ३० मोजक्याच आणलेल्या लांडग्यांचे वंशज. सरोवर असेच राहिले तर नव्या रक्तासाठी परवानगीची फाईल पुन्हा उघडावी लागेल.