वडिलांकडून आली तर वाढणारी गाठ

गळ्यात कॅरोटिड धमनीला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो: कॅरोटिड बॉडी. रक्तातला ऑक्सिजन घटला की तो मेंदूला कळवतो. त्यात होणाऱ्या पॅरागँग्लिओमा या गाठीचं मूळ शोधताना एक धागा मिळाला तो पेरूच्या अँडीज पर्वतात. उंचावर राहणाऱ्या लोकांत ही गाठ सखल भागापेक्षा बरीच जास्त आढळते, हे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं. विरळ हवेत हा अवयव जन्मभर राबतो आणि फुगतो. काहींमध्ये त्याची गाठ होते.

दुसरा धागा नेदरलँड्सचा. काही घराण्यांत ही गाठ वंशपरंपरेने दिसे, पण मधली एखादी पिढी कोरी जाई. १९८९ मध्ये लायडनचे संशोधक व्हॅन डर मे यांनी वंशावळींतून दाखवलं की बाधितांना हा जनुकीय दोष वडिलांकडून आलेला असतो. आईकडून दोष आला तर गाठ अगदी अपवादानेच होते. पण आईकडून दोष आलेला मुलगा बाप झाला की त्याच्या प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के, आणि ज्यांना तो मिळतो त्यांना गाठीचा धोका मोठा. ‘आमच्या घरात कुणाला नाही’ या उत्तरावर जनुक तपासणी टाळणं म्हणूनच चूक.

२००० मध्ये पिट्सबर्गचे संशोधक बायसल आणि लायडनचा गट यांनी ११व्या गुणसूत्रावर एसडीएचडी हे जनुक शोधलं, आणि दोन्ही धागे जुळले. या जनुकातून पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या, एका विकराचा भाग बनतो. ते विकर बिघडलं की सक्सिनेट हे रसायन साचतं, ऑक्सिजन कमी असल्याचा इशारा देणारं एचआयएफ हे प्रथिन नष्ट होत नाही, आणि भरपूर ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते. लगोलग त्याच विकराची एसडीएचसी व एसडीएचबी ही जनुकंही सापडली. एसडीएचबीला आई-वडील असा भेद नाही, आणि त्यातली गाठ शरीरात पसरण्याचा धोका सर्वाधिक.

मानेतली गाठ बहुधा संप्रेरकं सोडत नाही. पण त्याच रुग्णाच्या पोटात सोडणारी दुसरी गाठ असू शकते, म्हणून मानेच्या शस्त्रक्रियेआधीही रक्तातली मेटानेफ्रिन, म्हणजे अॅड्रेनलिनसारख्या संप्रेरकांपासून बनणारी रसायनं, तपासावीत. रुग्णाला २० ते ३० मिनिटं झोपवूनच रक्त घ्यावं. बसवून घेतलं तर आकडा उगाच वाढतो. आकडा खरोखर वाढलेला असेल तर शस्त्रक्रियेच्या ७ ते १४ दिवस आधी अल्फा-ब्लॉकर हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, भरपूर पाणी आणि मीठ. हृदयाचे ठोके मंदावणारा बीटा-ब्लॉकर त्यानंतरच. तो आधी दिला तर रक्तवाहिन्या आणखी आवळतात आणि रक्तदाब भडकतो.

शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या किंवा पसरलेल्या गाठींसाठी मे २०२५ मध्ये अमेरिकेत बेल्झुटिफान या औषधाला मान्यता मिळाली. ते एचआयएफ प्रथिनाच्या एचआयएफ-२ या प्रकारालाच अडवतं. तांबड्या पेशी बनवण्याचा इशाराही त्याच प्रथिनाकडून येतो, त्यामुळे हिमोग्लोबिन उतरतं आणि काहींचा रक्तातला ऑक्सिजनही घटतो. उपचारात दोन्ही मोजत राहावं लागतं.