कबरी मांजर आणि मुके गुणसूत्र

नारायण पेठेतील आमच्या वाड्याच्या पायरीवर सकाळी एक कबरी मांजर ऊन खात बसते. तिच्या पाठीवर तळहाताएवढा काळा डाग आहे, त्याला लागून तांबूस-पिवळा, आणि पोट पांढरे. काळ्या-पिवळ्याच्या सीमेवर दोन्ही रंगांचे केस एकमेकांत घुसलेले दिसतात. काळा आणि पिवळा हे दोन्ही रंग अंगावर असलेले मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. बोक्याच्या वाट्याला यांपैकी एकच रंग येतो. क्वचित सापडणाऱ्या अशा कबऱ्या बोक्याची तपासणी केली, तर त्याच्या पेशींत सहसा दोन एक्स आणि एक वाय गुणसूत्र आढळते.

पिवळा रंग ठरवणारे जनुक मांजराच्या एक्स गुणसूत्रावर असते. सस्तन प्राण्यांत मादीला दोन एक्स असतात, तर नराला एक एक्स आणि एक वाय. माणसाच्या एक्सवर प्रथिने घडवणारी आठशेहून अधिक जनुके आहेत आणि वायवर त्यांची जोडीदार अगदी मोजकी आहेत. म्हणजे हिशोबाने स्त्रीच्या पेशीत ही सगळी प्रथिने पुरुषाच्या दुप्पट तयार व्हायला हवीत. तशी ती होत नाहीत, कारण गर्भ अगदी लहान असतानाच मादीची प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्सपैकी एक बंद करते.

बंद झालेले हे गुणसूत्र डोळ्यांना दिसू शकते. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात आम्ही गालाच्या आतल्या बाजूच्या पेशी हलकेच खरवडून काचपट्टीवर पसरवत असू आणि रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असू. मुलींच्या अनेक पेशींत केंद्रकाच्या कडेला चिकटलेला एक गडद ठिपका दिसे, मुलांच्या पेशींत तो नसे. हा ठिपका १९४९ मध्ये कॅनडातील मरे बार आणि एवर्ट बर्ट्राम यांनी मांजरांच्या चेतापेशींत प्रथम पाहिला, आणि तो म्हणजे घट्ट गुंडाळलेले एक एक्स गुणसूत्र आहे हे सुसुमु ओहनो यांनी १९५९ च्या सुमारास दाखवले. त्याचा अर्थ लावला तो इंग्लंडमधील हार्वेल येथे उंदरांवर काम करणाऱ्या मेरी लायन यांनी, १९६१ मध्ये. एकच एक्स असलेली मादी उंदीर धडधाकट असते, आणि दोन वेगळे एक्स असलेल्या मादीच्या अंगावर रंगांचे चट्टे उमटतात, ही दोन निरीक्षणे शेजारी ठेवून त्यांनी मांडले की कोणते एक्स बंद करायचे हे प्रत्येक पेशी स्वतंत्रपणे, यदृच्छेने ठरवते आणि पुढे तिच्या सगळ्या वंशज पेशी तोच निर्णय पाळतात. इतक्या थोड्या पुराव्यावर इतके अचूक अनुमान जीवशास्त्रात फार कमी वेळा बांधले गेले आहे, असे मला वाटते.

मात्र एकाच केंद्रकात, एकाच द्रवात तरंगणाऱ्या दोन जवळपास सारख्या गुणसूत्रांपैकी नेमके एकच कसे बंद होते? याचे उत्तर १९९१ मध्ये सापडलेल्या ‘एक्सिस्ट’ या जनुकाने दिले. त्यापासून सुमारे सतरा हजार अक्षरांचा आरएनएचा धागा तयार होतो, पण त्यावरून कोणतेही प्रथिन बनत नाही. तो धागा स्वतःच काम करतो. ज्या एक्सवर तो तयार झाला त्याच एक्सला तो बिलगतो, त्यावर पसरत जातो आणि शेजारच्या दुसऱ्या एक्सला हात लावत नाही. त्याच्या पाठोपाठ अनेक प्रथिने तिथे गोळा होतात: काही जनुकांचे वाचन थांबवतात, काही डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर ‘बंद’ अशा रासायनिक खुणा करतात, आणि शेवटी डीएनएवरच मिथाइल गट चढून कुलूप पक्के होते. २०१३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी डाउन सिंड्रोम असलेल्या पेशींतील जादा एकविसाव्या गुणसूत्रावर हे जनुक बसवले, तेव्हा एक्सशी काहीही संबंध नसलेले ते गुणसूत्रही गप्प झाले. अर्थात एक्सवर हे मौन संपूर्ण नसते. माणसात बंद एक्सवरील काही जनुके, ढोबळमानाने सातातले एक, तरीही काम करत राहतात.

या व्यवस्थेची जाण दवाखान्यातही लागते. हिवतापात यकृतात दडलेले परजीवी मारण्यासाठी प्रिमाक्विन देतात, आणि त्याआधी जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) तपासणी करणे इष्ट असते, कारण तो कमी असल्यास औषधाने तांबड्या पेशी फुटू शकतात. त्याचे जनुक एक्सवर आहे. एका एक्सवर सदोष जनुक असलेल्या स्त्रीच्या अहवालात विकर ‘मध्यम’ आले, तर तिच्या प्रत्येक तांबड्या पेशीत तो थोडा कमी आहे असा समज होतो, पण तो चुकीचा आहे. तिच्या रक्तात दोन प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात, काही पूर्ण सक्षम आणि काही जवळपास विकराविना, कारण त्या अस्थिमज्जेतील ज्या पेशींपासून जन्मल्या त्यांनी वेगवेगळे एक्स बंद केले होते. म्हणूनच सरासरी बरी दिसली तरी धोका उरतो, आणि दोन बहिणींना एकसारखे जनुक मिळूनही एकीला त्रास होतो, दुसरीला होत नाही.

पेशी आपला निर्णय किती घट्ट धरून ठेवते, हे २००१ च्या अखेरीस अमेरिकेतील टेक्सासमध्ये जन्मलेल्या पहिल्या क्लोन मांजरीने दाखवले. मूळ मांजर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या रंगांची होती; तिच्याच एका पेशीच्या केंद्रकापासून घडवलेल्या पिल्लाच्या अंगावर पिवळ्याचा मागमूस नव्हता. त्या एका पेशीत पिवळ्या रंगाचे एक्स आधीच बंद होते आणि क्लोन करतानाही त्याचे कुलूप उघडले नाही.

शरीरात हे कुलूप निसर्गतः एकाच ठिकाणी उघडते: अंडपेशी घडवणाऱ्या पेशींत. तिथे बंद एक्स पुन्हा जागे होते आणि पुढच्या पिढीला दोघांपैकी कोणतेही, कोरे होऊन, जाऊ शकते. आमच्या वाड्यातील मांजरीने गेल्या पावसाळ्यात जिन्याखाली पोत्यावर पिल्ले घातली. त्यांतला एक बोका काळाकुट्ट निघाला आणि दुसरा पिवळा.