फुलं खुडायची होती, मग सिकेटर (छाटणीची कात्री) आला कुठून

आमच्या आजीला कोणी फुलांची स्पेशल कात्री आणून दिली असती ना, तर तिने त्याने कोथिंबीर कापली असती. अबोली देठातून अलगद ओढायची, मोगरा नखाने खुडायचा, बकुळ तर झाडाखाली पडलेलीच वेचायची, वेणी बांधायला केळीचं भिजवलेलं सोपट, यात धारेचं काम कुठे आलं?

धार लागायची ती चतुर्थीला. माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीला बांधायचे आंब्याचे टाळे, कवंडाळाची फळं, हरणाची फुलं सगळं रानातून आणायचं, त्यासाठी कमरेला मागे आकडी आणि आकडीत कोयता. एक तिरका घाव, फांदी खाली. पण कोयत्याला जाड फांदी कळते, नाजूक दांडा नाही.

सिकेटर मूळचा फ्रान्सचा. बर्त्राँ द मोलव्हील म्हणून सोळाव्या लुईचा नौदलमंत्री होता, क्रांतीत जीव वाचवून इंग्लंडला पळालेला, त्याच्या नावावर हा शोध आहे, १८१५ च्या आसपासचा (जहाजांचा मंत्री आणि शोध काय तर छाटणीची कात्री!). पुढे १९४५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फेल्को सुरू झाली, त्यांच्या सिकेटरचं पातं झिजलं की तेवढंच बदलता येतं. जपानची गोष्ट वेगळी, तिथे इकेबानासाठी, म्हणजे फुलं मांडायच्या कलेसाठी हासामी नावाची कात्री आहे, काही प्रकारांत तिच्या मुठी नेच्याच्या गुंडाळलेल्या कोंबासारख्या असतात.

आमच्या घरात मात्र सिकेटर फुलांसाठी आलाच नाही, आला तो कलमांसाठी. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती काढल्या, मग कलमं आली, कलमं आली की काड्या कापणं आणि छाटणी आलीच. फुलांकडे तो वळला नंतर, लग्नाच्या स्टेजला आणि मखराला घाटावरून खोक्यांत जरबेरा, गुलाब यायला लागले तेव्हा.

दांड्याचं फूल पाणी पितं दांड्यातल्या बारीक नळ्यांतून, बोथट कात्रीने त्या चेंबतात आणि संध्याकाळी गुलाब मान टाकतो. म्हणून गुलाबाला दोन पाती एकमेकांच्या बाजूने सरकतात तो बायपास सिकेटर घ्या, पातं सपाट पट्टीवर दाबणारा ॲन्व्हिल प्रकार सुक्या फांद्यांना ठीक, ओल्या दांड्याला नको. जरबेऱ्याचा दांडा मऊ, त्याला पातळ धारेची सुरीच बरी.

आणि पोलादाचं म्हणाल तर किनाऱ्यावर खरा प्रश्न तोच. कार्बन स्टील धार छान धरतं पण आपल्या खाऱ्या वाऱ्यात आठवड्यात तांबूस पडतं, स्टेनलेस त्या मानाने टिकतं पण धार लवकर जाते. मी कार्बनचाच वापरतो, काम झालं की चीक पुसायचा, खोबरेलाचं बोट फिरवायचं आणि पावसाळाभर कापडात गुंडाळून तांदळाच्या डब्यात. आई रोज ओरडते.